झाक्या

खांबवलीच्या बायका त्या दगडाकडे पाठ करून जात. डोक्यावर भाताचा भारा असो, कडेवर मूल असो, की काखेत तळ्यावरून धुऊन आणलेल्या कपड्यांचे बोचके असो. मोरूच्या शेताचा बांध आला, की त्या पदर पुढे ओढून अंग वळवीत आणि पाच-सात पावले आडवी टाकून मगच पुन्हा सरळ चालू लागत. नव्या सुनेला हे वळण सासू पहिल्याच आठवड्यात लावी. का, असे विचारण्याची पद्धत नव्हती. कोणी विचारलेच, तर सासू म्हणे, "त्याच्या अंगावर नको ते हाय," आणि विषय तिथेच संपे.

दगड फार उंच नव्हता; उभ्या माणसाच्या छातीला लागेल एवढा. माथ्यावर चंद्र आणि सूर्य, आणि त्यांच्याखाली सगळा शेंदूर. दर दिव्याच्या अवसेला मोरूच्या घरातला पुरुष तेलात शेंदूर कालवून त्याला लेप देई. हे किती पिढ्या चालले होते कोणास ठाऊक, पण लेपावर लेप चढून त्याचे बोटभर जाड कवच झाले होते. त्या कवचाखाली, दगडाच्या पायथ्याशी, एक बाई आणि एक गाढव कोरलेले आहे, एवढे गावात प्रत्येकाला माहीत होते. पाहिले कोणीच नव्हते. देवाचे नावही त्यावरूनच पडले होते. झाक्या.

मोरूचा मुलगा भूपेश दापोड्याच्या एका गोदामात कामाला होता. खोक्यांवरच्या पट्ट्या यंत्राने वाचायच्या आणि खोके पुढे ढकलायचे, ही त्याची ड्युटी. खोक्यांशी त्याचे बरे जमे, कारण खोकी उलट विचारीत नसत. तीन माणसे समोर बसली, की त्याचा घसा कोरडा पडे. आणि जे सांगायचे ते सोडून भलतेच काहीतरी सांगून तो मोकळा होई, मग घरी येऊन ते खरे वाक्य मनात पुन्हा पुन्हा, अगदी शुद्ध आणि नेमके, जुळवीत बसे. त्याच्या मनात अशी न बोललेली वाक्ये कितीतरी साठली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात झाक्याच्या चंद्राखालचा शेंदराचा एक पोपडा आपोआप सुटून पडला आणि तळहाताएवढी जागा उघडी झाली. भूपेशने तिच्यावरून सहज बोट फिरवले, तर बोटाला अक्षरे लागली. दोन ओळींची सुरुवात. पुढचे सगळे कवचाखाली.

कॉलेजात त्याने इतिहास घेतला होता. एका रजेच्या दिवशी भिवंडीला जाऊन त्याने कॉलेजच्या वाचनालयात जुन्या शिलालेखांचे पुस्तक शोधून काढले, आणि त्यात त्याला आपल्या बांधावरचा दगड सापडला. तोच नव्हे, पण त्याचा भाऊ शोभेल असा. अशा दगडाला गधेगाळ म्हणतात. राजाने देवळाला जमीन दिली, की तो लेख दगडावर कोरून त्या शेताच्या बांधावर उभा करीत, आणि लेखाच्या शेवटी शाप. जो कोणी हे दान मोडील, हा लेख पुसून टाकील, त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी खाली चित्र. भूपेशने तो परिच्छेद दोनदा वाचला. शाप मोडणाऱ्याला नव्हता. त्याच्या आईला होता. त्याने पुस्तक मिटले आणि कोणी पाहत तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिले.

तेव्हापासून झाक्यावर अक्षरे आहेत ही गोष्ट त्याने घरात कधी काढली नाही. अक्षरे म्हटली, की त्यांत काय लिहिले आहे हे आले. आणि ते बायजाबाईसमोर, आपल्या आईसमोर, कोणत्या तोंडाने सांगावे हे त्याला कळेना.

पण आता वेळ उरला नव्हता. कशेळीपासून पडघ्यापर्यंत निळ्या पत्र्यांची जी गोदामे वर्षानुवर्षे सरकत आली होती, ती खांबवलीच्या वेशीला लागली होती. देवळाभोवतीची सगळी शेते गेली. मोरूचेही गेले, आणि ज्या शेतात त्याने भात लावला त्याच शेताच्या फाटकावर त्याला वॉचमनची जागा मिळाली. सोमवारपासून भराव पडणार होता. देऊळ, तळे, बांध, झाक्या, सगळ्यांवर पुरुषभर मुरूम.

भूपेशने मोठ्या कष्टाने धाडस केले. त्या दोन ओळींचा फोटो काढून त्याने ठाण्याच्या नेत्रा मॅडमना पाठवला. त्या जुन्या लेखांचा अभ्यास करीत आणि लोकांना घेऊन पडकी देवळे दाखवीत हिंडत. मॅडमचा फोन लगेच आला.

"भूपेश, हे पूर्ण वाचता आलं पाहिजे. तुम्ही पाठवलंय त्यात नुसता 'स्वस्ति' आहे, त्यावर कोणी काम थांबवणार नाही. पण खाली गावाचं नाव आणि साल मिळालं, तर मी सोमवारी सकाळी पुरातत्त्व खात्याचं कार्यालय उघडायच्या आत दारात उभी राहीन. भराव थांबवावाच लागेल त्यांना."

"हो, मॅडम."

"मी रविवारी येते. ठसा घेते. आमची सात-आठ माणसं असतील, कॉलेजच्या दोन मुली आहेत. आणि एक लक्षात ठेवा. शेंदराला कोणालाही हात लावू देऊ नका. तो मी स्वतः काढीन, तेलाच्या बोळ्यांनी, हळूहळू, चार तास लागले तरी चालतील. घरी, गावात, सगळ्यांना सांगून ठेवा. सांगाल ना?"

"सांगतो, मॅडम."

गुरुवारी संध्याकाळी तो सांगायला म्हणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि पाणी पिऊन परत आला. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा बायजाबाई भाकरी थापीत होती.

"आई, रविवारी ठाण्याच्या मॅडम येणार आहेत. आपलं देऊळ बघायला. आणि झाक्या."

तिचा हात परातीत थांबला. "झाक्या कशाला?"

"जुना आहे ना."

"जुनी तर मी पण हाय. मला बघायला कोण येत न्हाय." मग, भाकरी तव्यावर टाकून, ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बाईमाणूस हाय ना ती?"

"हो. अजून दोन मुली आहेत. कॉलेजच्या."

"आणि तू त्यांच्यासंगं उभा ऱ्हाऊन दाखवणार. ते."

भूपेशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इथेच ते वाक्य यायला हवे होते: आई, त्यावर लेख आहे, त्याला कोणी हात लावू नका. वाक्य तोंडाशी आले होते. पण त्याच्या मागोमाग तिचा प्रश्न येणार होता, काय लिवलंय रे त्याच्यावर; आणि त्या प्रश्नाच्या पलीकडे गाढव उभे होते.

"जेवायला थांबतील ती माणसं," तो म्हणाला. "नऊ-दहा ताटं धर."

"तेवढं काय सांगायला लागतं?" ती म्हणाली. भाकरी उलटताना तिच्या कपाळावर जी आठी पडली, ती भूपेशला आचेची वाटली.

शनिवारी त्याला डबल ड्युटी लागली. दुपारी खोक्यांच्या रांगेत असतानाच बायजाबाईचा फोन आला. मागे कसली तरी घरघर चालू होती.

"बाला, तू काळजी करू नको. सगळं नीट करून ठेवलंय. उद्या तुझी मान खाली जायची न्हाय."

तो जेवणाचे समजला. "हो, आई," म्हणाला आणि पुढचे खोके ओढले.

रविवारी सकाळी तो गोदामातूनच एका टेम्पोत बसून पडघ्याला आला. नाक्यावर मंडळी उतरली तेव्हा आठ वाजले होते. नेत्रा मॅडम बारीक अंगाच्या, पन्नाशीच्या, पाठीला पिशवी. पिशवीत ठशाचा कागद, ब्रश, एरंडेलाची बाटली आणि कापसाचा गुंडाळा. हेमाली नावाची विद्यार्थिनी आणि तिची मैत्रीण. बाकी ठाण्या-डोंबिवलीची हौशी माणसे, त्यांत टोपी घातलेले एक निवृत्त काका, जे उतरल्याबरोबर म्हणाले, "गाईड कोण? हा? अरे, हा तर बोलतच नाही."

"बोलतील," मॅडम म्हणाल्या. "गाव त्यांचं आहे."

आणि नवल म्हणजे तो बोलला. खांबवली ही एके काळी देवळांची वस्ती होती, हे त्याने कोणाला शिकवायचे नव्हते. ते पायाखाली पडलेले होते, फक्त बोट दाखवायचे होते. त्याने पाणवठ्यावरचा धुण्याचा दगड दाखवला, जो शिखराच्या माथ्यावरचा कळस होता आणि उलटा घातल्यामुळे कपडे आपटायला सोयीचा झाला होता. ठकुबाईच्या गोठ्याची पायरी दाखवली. तिच्यावर पाच हंस एकामागून एक चालले होते, आणि म्हशींच्या खुरांनी दोन हंसांची डोकी गेली होती. मुख्य देवळाला छप्पर नव्हते. चार खांब उभे, बारा आडवे, आणि गाभाऱ्यात वडाने मूळ घालून पिंडी उचलून तिरपी केलेली, जणू कोणी झोपेत कूस बदलताना थांबले आहे. हवेत गारवा होता. तळ्याच्या अर्ध्या भागात गोदामवाल्यांनी आधीच टाकलेले डबर होते, उरलेल्या अर्ध्यात आकाश होते. हेमाली तिथे काठावर उभी राहिली.

"किती देवळं असतील?" तिने विचारले.

"मला अकरा जोती सापडली," भूपेश म्हणाला. "आजोबा सतरा म्हणायचे. सहा कुठे गेली, ते त्यांनी सांगितलं नाही."

"गोदामाखाली, दुसरं काय," टोपीवाले काका म्हणाले. "बघा, आपण उगाच हळहळतो. तेव्हा राजे देवळं बांधायचे, आता हे बांधतात. आत माल ठेवायचा, बाहेर पहारा ठेवायचा. फरक एवढाच, की इथे प्रसाद मिळत नाही."

दोघे-तिघे हसले. भूपेशही हसला. त्याला आज स्वतःचे आश्चर्य वाटत होते. त्याच्या घशातून शब्द येत होते, आणि ते त्याने मनात जुळवलेलेच शब्द होते. सोमवारी मॅडम कार्यालयात जातील. मुरूम भरलेले ट्रक फाटकाबाहेर उभे राहतील. मोरू फाटक उघडणार नाही. एवढे सगळे त्या दगडाच्या पोटात होते आणि दगड आता दोनशे पावलांवर होता.

बांधाकडे वळल्यावर त्याला आधी बायका दिसल्या. वीस-पंचवीस असतील, इस्त्रीच्या लुगड्यांत, केसांत अबोलीचे वळेसर. त्यांच्यात काहीतरी वेगळे होते, आणि काय ते कळायला त्याला थोडा वेळ लागला. त्या झाक्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

म्हातारी रंगूबाई सगळ्यांत पुढे होती. तिने कमरेवर हात ठेवून दगडाकडे रोखून पाहिले आणि शेजारणीला म्हणाली, "साठ वर्सं मी ह्याला पाठ दाखवली. आता बघू दे की पोटभर."

"बघ की, सासूबाय न्हाय आता ओरडायला," कोणीतरी म्हणाले, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्या बाजूला झाल्या. मध्ये झाक्या उभा होता. काळा, गुळगुळीत, चकचकीत. त्याच्या अंगावर शेंदराचा ठिपकाही नव्हता. मधोमध हळदीकुंकवाची पाच बोटे, पायाशी नारळ, गळ्यात झेंडूची माळ. माथ्यावरचे चंद्र-सूर्य तेवढे शाबूत होते. त्यांच्याखाली जमिनीपर्यंत दगड एखाद्या नव्या फरशीसारखा सपाट होता, आणि त्यात समोरच्या माणसाची पुसट सावली दिसत होती.

बायजाबाई हातात ओवाळणीचे ताट घेऊन पुढे आली. नवे जांभळे लुगडे, आणि चेहऱ्यावर, खूप दिवसांनी, एका तरुण मुलीचा आनंद.

"या, ताई," ती नेत्रा मॅडमना म्हणाली. "आता नीट बघा. पोरींनी पण बघा. लाजायचं कारण न्हाय."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. त्या दगडाजवळ गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही तळहात त्या पृष्ठभागावरून वरपासून खालपर्यंत फिरवले, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसे. मग पुन्हा एकदा, डावीकडून. त्यांच्या हाताला काही लागले नाही. त्या उठल्या तेव्हा त्यांच्या बोटांना कुंकू लागले होते.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारले. आवाज चढवला नव्हता.

"मीच," बायजाबाई म्हणाली. "म्हणजे, या अदनानकडून करून घेतलं. गोदामाची फरशी घासायला येतो तो. लई चांगला पोर हाय. खालचं ते वंगाळ होतं ना, ते काढून टाकलं. माझा लेक परक्या पोरींसमोर उभा ऱ्हाऊन ते दाखवणार, बरं दिसतं काय? शेंदूर काढला, तवा वरपण सगळं खरवडल्यासारखं निघालं. म्हटलं, येवढं करतोच हायस तर तेपण साफ करून दे बाबा."

अदनान बायकांच्या मागे, आपल्या घासायच्या यंत्राशेजारी उभा होता. वीस-बावीस वर्षांचा, भुवयांवर अजून दगडाची भुकटी. त्याला काहीतरी चुकले आहे हे इतरांच्या आधी कळले. तो पुढे आला.

"मैंने बोला था, मावशी," तो हलकेच म्हणाला. "बोला था ना? म्हटलं, इसपे कुछ लिखेला है, ओळी ओळीत आहे, एकदा भूपेशभाईला विचारून घेऊ. तुम्ही म्हणालात, ओरखडे आहेत."

"मग ओरखडेच व्हते की," बायजाबाई म्हणाली, आणि मग तिने मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिले, तिथून भूपेशच्या. "व्हते ना रे, बाला?"



मोरू फाटकाकडून आला होता. वॉचमनची निळी टोपी त्याने काढून हातात धरली होती. "मी सांगितलं हिला," तो कोणाला उद्देशून नव्हे असे म्हणाला. "शेंदराच्या देवाला मशीन लावू नको. तर म्हणाली, लेकाच्या इज्जतीपुढं देव काय मोठा लागून गेला."

नेत्रा मॅडम भूपेशजवळ आल्या. आता त्या दोघांमध्ये हातभराचे अंतर होते, आणि भोवती तीस माणसे उभी होती.

"भूपेश, मी तुम्हाला काय म्हटलं होतं? शेंदराला कोणाला हात लावू देऊ नका. तुम्ही घरी सांगितलं नव्हतं?"

पुढे कित्येक महिने भूपेश या क्षणाकडे परत परत येत राहिला. प्रश्न अवघड नव्हता. 'नाही' एवढा शब्द पुरेसा होता. पण हेमाली त्याच्याकडे पाहत होती, टोपीवाल्या काकांनी चष्मा वर केला होता, आणि अर्ध्या तासापूर्वी जो बोलत होता, अकरा जोती मोजत होता, तो माणूस त्याला इतक्यात गमवायचा नव्हता. जे सांगायचे ते सोडून भलतेच त्याच्या तोंडून गेले.

"सांगितलं होतं, मॅडम."

बायजाबाईने ताट दुसऱ्या हातात घेतले. तिने मुलाकडे पाहिले. रागाने नव्हे, तर एखाद्याने उन्हात उभ्या माणसाचा चेहरा नीट दिसावा म्हणून पाहावे तसे. मग ती मॅडमकडे वळली.

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं व्हतं त्यानं. गुरुवारीच सांगितलं. माझ्याच ध्यानात न्हाय ऱ्हायलं. अडाणी माणूस मी, मला काय कळतं त्यातलं."

कोणीतरी चुकचुकले. टोपीवाले काका हेमालीच्या मैत्रिणीला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू गेले, "हेच. हेच होतं सगळीकडे. आपला वारसा या लोकांच्या हातात." बायजाबाईने मान खाली घातली. गावातल्या बायका, ज्या मघाशी हसत होत्या, त्या आता तिच्याकडे असे पाहू लागल्या, जणू ती आपल्यातली नाही. रंगूबाई म्हणाली, "अगो बायजे, पोरगा सांगून गेला, तर येवढं इसरतं काय माणूस?" आणि बायजाबाई म्हणाली, "इसरली बाय. चुकली."

भूपेश तिथेच उभा होता. त्याला एक पाऊल पुढे टाकता येत होते. त्याने टाकले नाही.

"मेरे पास व्हिडिओ है," अदनान म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने खिशातून फोन काढला, पडद्याला तडा गेलेला. कामाचा पुरावा म्हणून मुकादमाला पाठवावा लागतो, म्हणून त्याने शनिवारी यंत्र चालू करून फोन एका दगडाला टेकवून ठेवला होता. मॅडमनी तो हिसकावून घेतल्यासारखा घेतला. त्यांच्या खांद्यावरून भूपेशनेही पाहिले.

चित्रात आधी नुसते चाक दिसत होते. मग अदनानच्या हाताने शेंदराचा शेवटचा मोठा पापुद्रा ओढून काढला, आणि दगड उघडा झाला. ओळीमागून ओळ, भरगच्च, पेरलेल्या वाफ्यासारखी. कित्येक पिढ्यांनी त्या अक्षरांवर ऊन पडले होते. ते अकरा सेकंद टिकले. मॅडमनी नंतर मोजले. पण फोन वाकडा होता, पाण्याचे शिंतोडे काचेवर होते, आणि मग चाक खाली आले, पांढरी भुकटी उडाली, आणि मागून बायजाबाईचा आवाज आला: वर पण घे, बाबा, वर पण.

मॅडमनी ते सात-आठ वेळा मागेपुढे केले. चित्र थांबवले, बोटांनी मोठे केले. अक्षरे जुन्या वळणाची असली तरी कोणालाही लागतील अशी होती, फक्त ती धुक्यात होती. शेवटच्या ओळीत एका जागी धुके विरळ होते.

"'माय'," मॅडम म्हणाल्या. पुढचे काय असणार ते त्यांना माहीत होते. त्यांनी भूपेशकडे पाहिले, आणि त्यालाही माहीत आहे हे त्यांच्या लक्षात आले. त्या थांबल्या. "एवढंच वाचता येतंय. साल नाही, गाव नाही. एवढ्यावर काही होणार नाही."

"काय लिवलंय म्हणाल्या?" बायजाबाईने विचारले. तिने ते मॅडमना नव्हे, मुलाला विचारले.

"माय," तो म्हणाला.

"माय म्हणजे आई?"

"हो."

ती दगडाजवळ गेली. त्याच्या गुळगुळीत अंगावर तिची आकृती दिसली, डोक्यावर पदर, हातात ताट, ओळखू न येणारी. "देवानं आईचं नाव राखलं व्हतं तिथं," ती पुटपुटली. "येवढी वर्सं आम्ही पाठ दाखवली. आणि बघायला गेली, तर मी पुसून टाकलं."

तिला सांगता आले असते. आई, ते नाव नव्हते, ती शिवी होती. बाईमाणसाला कोणी देऊ नये अशी शिवी, आणि ती गेली ते एका परीने बरेच झाले. एवढ्या एका वाक्याने तिच्या अंगावरचे ओझे निम्मे उतरले असते. पण त्या वाक्याला जोडून दुसरे वाक्य आले असते: मला हे दोन वर्षे माहीत होते, आणि तिसरे: तू विसरली नव्हतीस, मी सांगितलेच नव्हते. भूपेशने तिन्ही वाक्ये मनात जुळवली. ती अगदी शुद्ध होती.

जेवायला कोणी फारसे थांबले नाही. हेमालीने दोन घास खाल्ले आणि बायजाबाईला "मच्छी छान झालीय, काकू," म्हणाली. मॅडमनी त्यांच्यापरीने अर्ज देते म्हटले, पण आशा धरू नका असेही म्हटले, आणि निघताना भूपेशला इतकेच विचारले, "खरंच सांगितलं होतं?" त्याने मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची, ते त्यांनी विचारले नाही. एरंडेलाची बाटली त्या ओट्यावर विसरून गेल्या. अदनानने आपले यंत्र टेम्पोत चढवले, मग परत येऊन भूपेशला म्हणाला, "सॉरी भाई. मी तरी फोन करायला पाहिजे होता तुला." भूपेश म्हणाला, "तुझी काही चूक नाही." एवढे खरे तो त्या दिवशी बोलला.

त्या रात्री बायजाबाईने नेहमीसारखे वाढले, नेहमीसारखे विचारले, अजून भात घे. मोरू दोनदा सकाळचा विषय काढायला गेला, तेव्हा तिने "जेवा," म्हटले.

सोमवारी पहाटेपासून फाटकाबाहेर मुरमाचे ट्रक लागले. भूपेशची पहिली शिफ्ट होती. तो घरातून निघाला तेव्हा तळ्याच्या उरलेल्या अर्ध्यातले आकाश नुकतेच उजळत होते. बांधावरून बायका कामाला जात होत्या. आता त्या सरळ चालत होत्या. एकीने जाताजाता दगडाला हात लावून तो कपाळाला लावला. दुसरीने त्यात बघून कुंकू नीट केले.

बायजाबाई मोरूचा डबा घेऊन फाटकाकडे निघाली होती. बांध आला. तिने पदर पुढे ओढला, अंग वळवले, दगडाकडे पाठ केली, आणि पाच-सात पावले आडवी टाकली.

"अगो बायजे, आता कसली लाज?" मागून रंगूबाई म्हणाली. "मोकळा झाला की तो."

 ती सरळ झाली, तर समोर भूपेश उभा होता. एका ट्रकने मुरूम ओतायला मागचा भाग उचलला होता आणि त्याचा कर्कश आवाज सगळ्या शेतभर पसरला होता. आवाज थांबेपर्यंत दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. मग तो थांबला, आणि आता बोलले तर ऐकू येईल एवढी शांतता झाली.

"डबा घेतलास का?" तिने विचारले.

"घेतला," तो म्हणाला.